अण्णाची बाग, बाळूची माती

१६ नोव्हेंबर १९५५, भाऊबीज

बाळू आला. सहा वर्षांनी या घराची पायरी चढला.

सकाळी दोन पाट मांडले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "वन्सं, एक उचला. रिकामा पाट डोळ्यात खुपतो." उचलला नाही. गेल्या आठवड्यात पिंपरीला त्याच्या खोलीवर जाऊन सांगून आले होते, यंदा आला नाहीस तर अण्णालाही ओवाळणार नाही.  बाळूची बायको हौसा चुलीपासून म्हणाली, "जावा की हो. किती वर्सं धरून बसायचं." तिचेच उपकार.

बाळू दारात आला तेव्हा अण्णा उठला नाही, पण जरा सरकला. वेगळा पाट मांडलेला असताना सरकायचं काय कारण! हसू आलं नि डोळेही भरले.

ओवाळून झाल्यावर मग अण्णानं टोपलीतलं एक संत्र सोललं, अर्धं बाळूपुढं धरलं.

"वरच्या वळीतलं हाय. तू लावल्यालं."

बाळूनं फोड तोंडात टाकली. "गोडी हाय. पर फळ बारीक झालंय आण्णा."

"जिमीन उतरली. मुरूम लागलाय खाली."

एवढंच. मला पुष्कळ झालं.

१७ नोव्हेंबर

काल झोप लागली नाही. वाटणीचा दिवस आठवत राहिला. आबा गेल्यावर पंचांनी दोन चिठ्ठ्या टाकल्या. विधवा बहीण, तिला कशात काही नको, म्हणून उचलायला मला सांगितलं. संत्र्यांची बाग अण्णाच्या नावानं निघाली, नदीकडचा खडकाळ माळ बाळूच्या. नागपूरहून रेल्वेनं आलेली कलमं चिंचवड स्टेशनावरून खांद्यावर वाहून आणली होती ती बाळूनं. मिसरूड फुटायचं होतं तेव्हा त्याला. खड्डे त्यानं खणले. अण्णा म्हणाला होता, दोघं मिळून करू. बाळू म्हणाला, "दुसऱ्याच्या बागेत मजूर व्हनार न्हाई." आणि पुढं पिंपरीला कारखाना निघाला तसा तिथं लागला.

कोणाचं चुकलं होतं? कोणाचंच नाही. म्हणूनच मिटत नव्हतं.

२ डिसेंबर

शाळेत आज मजा. चौथीच्या मुलींना फळांचा पाठ. नुसतं फळ्यावर लिहून काय कळणार म्हणून घरून पिशवी भरून नेली होती. संत्र, मोसंबी, कागदी लिंबू, ईडलिंबू, बांधावरची जंबेरी आणि वहिनींच्या माहेराहून आलेलं पपनस. महाळुंग मिळालं नाही. नदी ओलांडून चिंचवडला शाळेत जाताना होडीवाला म्हणाला, "बाई, बाजार मांडताय का काय?"

मुलींना म्हटलं, हे सगळं एक घराणं आहे. कसं ओळखाल? कुसुमनं पानं चुरगाळून हुंगली. वास एक. मग फोडी मोजल्या, साली ताणून पाहिल्या. मोसंबीची साल सुटेना, संत्र्याची आपण होऊन सुटली. एकीनं विचारलं, "बाई, यातलं थोरलं कोण?" मी सांगितलं, पुस्तकात नाही. मग मुलींनीच ठरवलं. पपनस आजोबा. लिंबू कजाग आत्या. मोसंबी शहरात दिलेली लेक. जंबेरी म्हणजे जिला कोणी पंगतीला घेत नाही अशी काकू, फार खडबडीत नि आंबट म्हणून. संत्र घरातलं लाडकं.

घरी येऊन अण्णाला सांगितलं. तो म्हणाला, "लाडकं खरं, पर त्या काकूच्याच कडेवर बसल्यालं. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरल्याबिगर, म्हंजी तिच्या खोडात संत्र्याचा कोंब बशीवल्याबिगर, संत्र आपल्या हितं धड उभं ऱ्हात न्हाई." उद्या मुलींना सांगायचं.

८ जानेवारी १९५६

बाळू सुट्टीच्या दिवशी आला. आपणहून! बागेत जाऊन माती हातात घेऊन बसला. जाताना म्हणाला, "आक्का, कारखान्याच्या नव्या इमारतीचा पाया खंदतायत. काळीभोर माती निगतीया. नुस्ती टाकून देत्यात. फोरमनला इचारतो."  बाळू गेल्यावर अण्णा बांधापर्यंत गेला नि परत आला, पुन्हा गेला.

२२ जानेवारी

मातीच्या गाड्या आल्या. नदीला पाणी कमी, उतारावरच्या उथळ पाण्यातून बैल नीट आले. पुढच्या गाडीवर बाळू उभा, डोक्याला टॉवेल. वहिनींनी गाडीवानांसाठी पिठलं-भाकरी केली. बहार धरायला अण्णानं झाडांचं पाणी तोडून ताण दिलेला, पुन्हा पाणी सोडायच्या आत माती घालायला हीच वेळ. दोघं भाऊ सांजपर्यंत पाट्या वाहत होते. मी शाळेच्या वह्या घेऊन बांधावर बसले होते, एकही तपासली नाही.

बाळू प्रत्येक बुंध्याशी माती चांगली चढवून पायानं दाबायचा. अण्णा म्हणाला, "लई चढवू नगंस." बाळू म्हणाला, "आण्णा, सहा वर्सांची घालतोय." अण्णा हसला. त्यानंतर तोही तशीच चढवू लागला.

अण्णाला हसताना बघून किती दिवस झाले होते.

१९ फेब्रुवारी

बाग फुलली. पाटाला पाणी सोडलं की वास थेट घरात येतो. वहिनी म्हणतात, डोकं दुखतं. खोटं. त्याही संध्याकाळी तिकडेच जाऊन बसतात.

बाळू आज हौसाला घेऊन आला. ती पहिल्यांदाच बाग पाहत होती. म्हणाली, "एवढ्यासाठी रुसला व्हता व्हय!" बाळू लाजला. अण्णानं परस्पर सांगून टाकलं, यंदा खालच्या वळीचं, त्या सगळ्या रांगेचं, फळ बाळूचं. बाळू म्हणाला, "मला नगं." "तुला कोन इचारतंय."

मी देवाजवळ साखर ठेवली.

८ एप्रिल

फळं सुपारीएवढी. अण्णा म्हणतो, असा बहार त्याच्या हयातीत धरला नव्हता. ऊन फार. शाळा सकाळची.

१५ जुलै

आठ दिवस एकसारखी झड. होडी बंद. मी चिंचवडला मैत्रिणीकडे राहिले. आज आले. अण्णाचा चेहरा बरा नाही. म्हणाला, वरच्या वळीतली दोन झाडं पिवळी पडलीत, शिरा तेवढ्या हिरव्या. पाणी फार झालं असेल, मी म्हणाले. तो म्हणाला, "आसंल."

२९ जुलै

दोन नाहीत, आता पुष्कळ. बुंध्यांतून डिंक येतो आहे, मधासारखा. बाळूनं येऊन गोमूत्र-शेणाचा लेप दिला. फळ गळतं आहे. हिरवीच फळं खाली, माणूस चालताना पायाखाली येतात. वहिनी वेचून लोणच्याला घेऊ म्हणाल्या तर अण्णा त्यांच्यावर ओरडला. असा कधी ओरडत नाही.

१२ ऑगस्ट

पुण्याहून शेतकी खात्याचे साहेब आले. तरुण, पण बोलायला सौम्य. चपला काढून बागेत शिरले. एका झाडाची माती हातानं उकरू लागले. उकरत गेले, उकरत गेले. अण्णा शेजारी उकिडवा. मी नि वहिनी लांब उभ्या.

खाली साल काळी, कुजलेली. बोट लावलं तर सुटून आली. वास आंबूस.

साहेब म्हणाले, "हा बघा सांधा. याच्या वरचं झाड संत्र्याचं, खालचं जंबेरीचं. जंबेरी ओल सोसते, संत्र सोसत नाही. म्हणून सांधा नेहमी जमिनीच्या वर, हवेत लागतो. तुमचा पार पुरला गेलाय. आणि माती अशी चिकट की पाणी धरून ठेवते. हा डिंक्या आहे." मग विचारलं, "एवढी माती चढवली कुणी?"

अण्णानं हाताची माती झटकली. मग म्हणाला, "भावानं."

मला वाटलं होतं तो 'आम्ही' म्हणेल.

साहेबांनी मोरचूद-चुन्याचा लेप सांगितला, माती काढायला सांगितली. वाचतील ती वाचतील म्हणाले. जाताना माझ्याकडे वळून हळूच, "बाई, फार आशा ठेवू देऊ नका त्यांना."

१९ ऑगस्ट

लिहवत नाही, पण लिहिते.

बाळू आला तो थेट बागेत. अण्णा बुंध्याची माती ओढत होता. बाळूनं दुसरं खोरं उचललं. अण्णा म्हणाला, "ठेव ते."

"आण्णा, मी काडतो की…"

"तू घातलीस तेवडी बास झाली. सहा वर्सं दम धरलास. मंग मुळावरच घाव घातलास."

बाळू उभाच राहिला.  शेवटी म्हणाला, "तुला आसं वाटतंय? माज्यासंबंदी? ही झाडं मी खांद्यावर आनल्याली हायेत."

"म्हनूनच," अण्णा म्हणाला.

बाळूनं खोरं हळू खाली ठेवलं, आवाजसुद्धा होऊ दिला नाही. माझ्या जवळून गेला तेव्हा मी हात धरला. म्हणाला, "सोड आक्का. दुसरी पाळी हाय." गेला.

मी अण्णाला म्हटलं, माती तूही चढवत होतास, मी बघितलं. तो म्हणाला, "ठाव हाय मला." आणि माती ओढत राहिला.

ठाऊक आहे! मग म्हणालास कशाला.

९ सप्टेंबर

वरची वळ तोडली. अण्णा स्वतः कुऱ्हाड चालवतो, गडी लावत नाही. लाकूड पिवळं, सुंदर. जाळताना धुरालाही सालीचा वास. वहिनी आत जाऊन बसल्या.

४ नोव्हेंबर १९५६, भाऊबीज

अण्णाला सकाळी ओवाळलं. तबक घेऊन पिंपरीला गेले. अण्णानं पाहिलं, विचारलं नाही. उंबऱ्यात मात्र म्हणाला, "नदीला वढ हाय, जपून."

बाळू वाळलाय. हौसानं करंज्या केल्या होत्या. ओवाळून झाल्यावर म्हणाला, "आक्का, मागल्या अंगाला ये." खोलीमागं चिंचोळी जागा. तिथं रॉकेलचे कापलेले डबे रांगेनं. त्यांत बोटभर रोपं. पान चुरगाळलं. जंबेरी.

"आपल्या बांधावरलीच फळं. खोरं ठिवून आलो त्या दिसी येता येता उचलली. बी घातलं." मग म्हणाला, "साहेब काय म्हनले ते हौसाला तू सांगितलंस नं, ते ऐकलं मी. खुंट वर ठिवायचा. डोळा उंच भरायचा. शिकतोय एका माळ्याकडं. वरीस-दीड वरीस लागंल."

मी म्हटलं, अण्णाला सांगते. तर हात जोडले. "नगं. रोपं हातात घिऊन येईन, तवाच. रिकाम्या हातानं तोंड दाखवत न्हाई त्याला."

मला त्याचा अभिमान वाटला. गप्प राहायचं कबूल केलं.

१४ जानेवारी १९५७, संक्रांत

अण्णाला तिळगूळ दिला. नुसता हातात धरून बसला. बागेत आता नदीच्या अंगाची थोडी झाडं उरली आहेत. तिथं माती पोचायच्या आत गाड्या संपल्या होत्या, म्हणून. मोकळ्या जागेत हरभरा पेरलाय.

३ मार्च

एक गृहस्थ आले होते. कारखान्यांना लागणाऱ्या सामानाच्या शेड बांधणार म्हणे, बागेची जमीन हवी आहे. अण्णानं चहा पाजला नि लावून दिलं. पण गेल्यावर वहिनींना म्हणाला, "इचार कराया काय हरकत हाय." असं तो पूर्वी म्हणाला नसता.

२४ ऑक्टोबर, भाऊबीज

दोन्हीकडे. रोपं कमरेला आली! बाळू त्यांच्यावरून हात फिरवतो. म्हणाला, थंडी पडली की डोळे भरायचे. मग बागेच्या दिशेला बघत राहिला. कळलं मला. डोळे कुठून आणायचे? चांगल्या संत्र्याच्या काडीवरचे लागतात. बाजारातनं आणता येतील. "पर ते आपलं झाड न्हाई व्हनार."

घरी येताना होडीत बसून विचार करत होते. आपल्या झाडाच्या काड्या चोरून तोडून द्याव्यात? काडी कोवळी की जून, कुठली घ्यायची, मला कळत नाही. आणि चोरी कशाला करायची, आमचंच झाड.

५ जानेवारी १९५८

सांगितलं.

अण्णा हरभऱ्याला पाणी देत होता. म्हटलं, मला नदीकडच्या झाडाच्या काड्या हव्यात. "कशापाई?" मी म्हटलं, बाळूनं जंबेरीची रोपं केली आहेत. वर्षावर झालं. डोळे भरायचे आहेत.

त्यानं दारं मोडलं, वाफ्याच्या तोंडची माती ओढली. पाणी भलतीकडे गेलं तरी लक्ष नाही. मग नदीकडे चालू लागला, मी मागं. प्रत्येक झाडापाशी थांबला, बुंधा बघितला, शेंडा बघितला. एका झाडाच्या काड्या विळ्यानं कापल्या, गोल, जून, बोटाएवढ्या नाहीत, पेन्सिलीएवढ्या. पानं छाटली, देठ राखले. गोणपाट भिजवून त्यात गुंडाळल्या. माझ्या हातात दिल्या.

"सांग त्येला, जिमिनीपास्नं वीतभर वर. कमी नगं."

"तूच सांग की."

"तू सांग."

"काय सांगू, कोणी दिल्या?"

अण्णा म्हणाला, "वळखंल त्यो. कापनी बगून वळखंल."

मी होडीत ते गोणपाट मांडीवर घेऊन बसले.

६ जानेवारी

बाळूनं गोणपाट सोडलं. काडी उचलली, कापलेलं तोंड बघितलं. विचारलंच नाही. हौसाला म्हणाला, "पानी आन." आणि तोंड धुतलं.

मी म्हटलं, चल, आत्ताच चल माझ्याबरोबर. तो म्हणाला, "डोळे जगू दे आक्का. फुटू दे. मंग."

मी जोर केला नाही. दोघांचंही बरोबर वाटत होतं मला. पावसाळा काही दूर नाही, असं म्हणाले. मीच म्हणाले.

९ फेब्रुवारी

बरेच डोळे जगले. डोळ्यावर बांधलेलं केळीच्या सालीचं सोपट सोडलं तर खाली हिरवे. अण्णाला सांगितलं. "हां," म्हणाला. रात्री जेवताना आपण होऊन म्हणाला, "खड्डे उन्हाळ्यात खंदून ठिवाय पायजेत. ऊन खाऊ दिली पायजे माती." वहिनींनी माझ्याकडे बघितलं.

१३ एप्रिल

अण्णा खड्डे खणतो आहे. थोडे थोडे. मी म्हटलं, बाळूला बोलावते, सुट्टी आहे त्याला. म्हणाला, "यील की त्यो रोपं घिऊन. तवा बसू निवांत. लई बोलायचं हाय." शेडवाल्या गृहस्थाला दोनदा नाही म्हणून झालं.

लई बोलायचं हाय.

११ मे

दुपारी अण्णा खड्ड्याच्या काठावर पडला. उन्हानं म्हणून आधी पाणी मारलं. तोंड वाकडं झालेलं. उजवं अंग गेलं. बैलगाडीतून चिंचवडच्या डॉक्टरांकडे.

१२ मे

बाळू आला. पाळी टाकून, कारखान्याच्या कपड्यांतच. अण्णाच्या उशाशी बसला, "आण्णा, मी." अण्णानं डोळे उघडले. ओळखलं, यात शंका नाही. ओठ हलले. नुसता घोगरा आवाज, शब्द नाही. पुन्हा केलं. पुन्हा. बाळू म्हणत राहिला, "ऱ्हाऊं दे. ऱ्हाऊं दे. कळलं मला."

बाहेर येऊन मला विचारतो, "आक्का, काय म्हनत व्हता गं?"

१ जून

डॉक्टर म्हणाले जिवाला धोका नाही. वाचेचं सांगता येत नाही. आता घरी आणलंय. बाळू सुट्टी काढून इथंच राहतो. अण्णाला उठवतो, पुसतो, भरवतो. वहिनी म्हणतात, मुलगा असता तरी त्यानं एवढं केलं नसतं. दोघं तासन् तास एकमेकांजवळ असतात आणि बोलणं होत नाही. चार महिने होते आमच्या हातात. जानेवारी ते मे. दोघंही बोलते, चालते. होडीनं अर्ध्या तासाची वाट. मी दोन्हीकडे जात होते, इकडचं तिकडे सांगत होते, आणि वाटत होतं की काम होतंय. मी मध्ये नसते तर कदाचित त्यांना एकमेकांकडे जावंच लागलं असतं. कोण जाणे.

२२ जून

बाळूची सुट्टी संपली. कारखान्यात त्याला वरची जागा देतायत, राहायला चांगली खोलीसुद्धा. पंधरा दिवसांत हो-नाही कळवायचं. हौसा स्पष्ट म्हणाली, "आक्का, मला नगं पुन्यांदा मातीत. एकदा बगितलं न्हवं काय झालं ते." तिला दोष देता येत नाही. अर्धवेळ करायची ही बाग नव्हे. पहिली वर्षं तर लेकरासारखी सांभाळावी लागते. वहिनींना दवाखाना, घर, सगळं बघायचं. शेडवाले गृहस्थ पुन्हा येऊन गेले. माणूस वाईट नाही, अण्णाची चौकशी करून गेला.

वहिनी माझ्यापाशी म्हणाल्या, "वन्सं, मी न्हाई म्हनू शकत न्हाई आता. ह्यांचं करनार कोन, नि बागंचं करनार कोन?"

६ जुलै

बाळूनं रोपं आणली. उतारानं जमत नाही, म्हणून दापोडीच्या पुलावरून लांबच्या वळशानं गाडी आणली. रॉकेलचे डबे ओसरीसमोर उतरवले. वरची जंबेरी छाटल्यावर फुटलेलं संत्र गुडघ्याच्या वर आलंय, पानं गडद, सांधा जमिनीपासून वीतभर वर. प्रत्येकाचा. मी बघितलं.

अण्णाला उचलून ओसरीवर आणून टेकवून बसवलं. बाळूनं एक डबा त्याच्या जवळ नेला. अण्णानं डाव्या हातानं पान पकडलं, चुरगाळलं, नाकाशी नेलं. डोळे मिटले. आम्ही सगळे उभे.

बाळू म्हणाला, "आण्णा, तू म्हनशील तसं. लावू? लाव म्हनलास तर मी कारखान्याला न्हाई कळवतो. नगं म्हनलास तर वहिनी त्या शेडवाल्याला हो म्हनतील, नि ही मी पिंपरीला पडक्या जागंत कुटंतरी लावीन."

अण्णानं डावा हात उचलला.  हात खड्ड्यांच्या दिशेला गेला, मग तिथून तसाच पुढं, नदीकडे, रस्त्याकडे. तोंडातून तोच आवाज. घामानं डबडबला. हात खाली पडला.

बाळू म्हणाला, "लाव म्हनतोय."

वहिनी म्हणाल्या, "न्हाई भावजी. न्या म्हनतायत. रस्ता दावला त्यांनी."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. अण्णानंही.

मी म्हटलं, दमलाय तो. उद्या पुन्हा विचारू.

डबे ओसरीवर ओढून घेतले, मोकाट गुरं खातील म्हणून. बाळू आज इथंच थांबला आहे.